सरासरीत न मावणारे चढउतार

मंडईत विक्रेता आणि गिऱ्हाईक घासाघीस करून भाव ठरवतात. शेअर बाजारात खरेदी-विक्रीच्या मागण्या जुळवणारी संस्था असते. कूटचलनांच्या विकेंद्रित बाजारात मात्र असा मध्यस्थ नसतो. तेथे हे काम बहुधा एक गणिती सूत्र करते.

२००९ मध्ये बिटकॉइन हे पहिले विकेंद्रित कूटचलन व्यवहारात आले. पुढे २०१८ मध्ये इथेरियम या संगणकीय जाळ्यावर युनिस्वॅप हा विकेंद्रित बाजार सुरू झाला. त्याच्या मूळ रचनेत दोन चलनांचा एक सामाईक साठा असतो आणि दोहोंच्या संख्यांचा गुणाकार कायम राखला जातो. समजा, साठ्यात ‘अ’ चलनाची १०० आणि ‘ब’ चलनाची १,००,००० नाणी आहेत. म्हणजे एका ‘अ’चा भाव १,००० ‘ब’ झाला. कोणी ५० ‘अ’ विकत घेतले, तर गुणाकार राखण्यासाठी ‘ब’ची संख्या २,००,००० व्हावी लागते. शुल्क सोडले, तरी खरेदीदाराला सरासरी २,००० चा भाव पडतो आणि व्यवहारानंतरचा भाव ४,००० होतो. हाच साठा शंभरपट मोठा असता, तर तेवढ्याच खरेदीला सरासरी भाव सुमारे १,००५ पडला असता. तात्पर्य, साठा जितका उथळ, तितकी भावाची उसळी मोठी.

अशा चढउतारांचे मोजमाप करताना सरासरी अपुरी पडते. माणसांच्या उंचीची नोंद केली, तर बहुतेकांची उंची सरासरीजवळ आढळते. सरासरीच्या दुप्पट उंचीचा माणूस सापडत नाही. अशा नोंदींचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो. भावातील बदल या घंटेत मावत नाहीत. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६३ मध्ये कापसाच्या भावांवरून हेच दाखवून दिले होते. मोठे बदल क्वचित घडतात. पण घंटाकृती आलेखावरून वाटते तितके ते दुर्मीळ नसतात. १२ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या धास्तीने बाजार कोसळले, तेव्हा बिटकॉइनचा भाव एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक घसरला.

या चढउतारांचे आणखी एक लक्षण म्हणजे त्यांचे थवे. अशांत दिवसामागून बहुधा अशांत दिवसच येतात आणि त्या काळात उलाढालही वाढते. परंतु वाढलेली उलाढाल ही नेहमीच खऱ्या मागणीची खूण नसते. एकच व्यक्ती स्वतःच्याच दोन खात्यांत पुनःपुन्हा देवघेव करून उलाढाल फुगवू शकते.

कष्टाची बचत अशा बाजारात गुंतवू पाहणाऱ्याने एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. शंभर रुपयांचे पन्नास होण्यास भाव निम्म्याने उतरणे पुरेसे असते. पन्नासाचे पुन्हा शंभर होण्यासाठी मात्र तो दुप्पट व्हावा लागतो. शंभर शांत दिवसांची सरासरी एका वादळी दिवसाची पूर्वसूचना देत नाही, आणि बचत बुडते ती त्या एकाच दिवशी.