बटणांचे चित्रगुप्त

डगला लाल की निळा, कॉलर पिवळी की पांढरी, बटणं एकेक की जोडीजोडीने? काही माणसांनी या हिशोबात हयात घालवली. जुन्या फौजांच्या गणवेशांची चित्रं काढणारे आणि जमवणारे हे लोक लढाईच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. त्यांचा जीव बटणात.

बर्लिनचा आडोल्फ मेन्झेल उंचीने जेमतेम साडेचार फूट. फ्रेडरिक द ग्रेटच्या फौजेचे गणवेश चितारायचं त्याचं काम १८४२ ते १८५७ चाललं. जुने खरे कोट समोर ठेवून ४३६ शिळाछाप चित्रं तयार झाली. आणि प्रती निघाल्या किती? तीस! रशियाच्या झार पहिल्या निकोलसने तर हुकूमच सोडला, की आपल्या फौजेचा पहिल्यापासूनचा पेहराव नोंदवा. व्हिस्कोवातोव्ह या लष्करी इतिहासकाराच्या देखरेखीखाली तीस खंड भरले, चित्रं चार हजारांच्या घरात.

पण छंदिष्टांचा मेरुमणी म्हणजे हॉलंडचे डॉ. व्हिंकहाउझेन. पेशाने लष्करी डॉक्टर. सचित्र पुस्तक हाती आलं की गणवेशाची पानं कापायची, चिकटवहीत डकवायची, काळंपांढरं चित्र असेल तर स्वतःच रंगवायचं. ग्रंथपालाला घेरीच यावी असा हा उद्योग! त्यातून ७६२ वह्या आणि ३२ हजारांहून जास्त चित्रं जमली. १९११मध्ये हे घबाड न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला देणगी म्हणून मिळालं. म्हणजे पुस्तकं फाडणाऱ्याचा संग्रह शेवटी ग्रंथालयातच सुखरूप पोचला. आता तो घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतो.

अमेरिकेच्या अ‍ॅन ब्राउन यांनी १९३०मध्ये युरोपातल्या मधुचंद्रात खेळण्यातले शिपाई विकत घेतले. त्यांचे रंग बरोबर आहेत का हे ताडून पाहायला चित्रं घेतली, मग पुस्तकं. आता ब्राउन विद्यापीठात त्यांच्या नावाचा अख्खा विभाग आहे.

या चित्रांवर विश्वास मात्र बेताने ठेवावा. छापील तक्त्यातला शिपाई नियमाबरहुकूम असतो, नुकताच शिंप्याकडून आल्यासारखा. महिनाभर चिखल तुडवल्यावर तो कसा दिसायचा ते तिथे सापडत नाही. म्हणून मला हॅम्बुर्गचे सूर बंधू जास्त आवडतात. १८०६ ते १८१५ या काळात त्यांच्या गावात तळ देणाऱ्या पलटणी त्यांनी जशा दिसल्या तशा चितारल्या. त्यात नेपोलियनच्या मदतीला आलेले स्पॅनिश शिपाईही आहेत, कामावर नसतानाचे, बायकापोरांसकट.

खरेपणाचा हट्ट किती असावा? फ्रान्सच्या मेसोनिये या चित्रकाराने नेपोलियनचा करडा ओव्हरकोट हुबेहूब शिवून घेतला, तो स्वतः अंगात चढवला आणि भर थंडीत बर्फात बसून कोटावर उजेड कसा पडतो ते न्याहाळलं, असं सांगतात.

आपल्याकडची गोष्ट मराठेशाहीपासून सुरू होते. जेम्स स्किनर हा मुळात शिंद्यांच्या फौजेतला. १८०३मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि त्याला तिथून निघावं लागलं. शिंद्यांच्या चाकरीतून फुटलेल्या स्वारांचं पथक इंग्रजांनी त्याच्याच हाती दिलं. तेच पुढे पिवळ्या डगल्यांचं ‘स्किनर्स हॉर्स’ झालं. दिल्लीच्या गुलाम अली खानने १८२७मध्ये स्किनरचा रेजिमेंटचा दरबार रंगवला. स्किनरचा दोस्त विल्यम फ्रेझर याने दिल्लीच्याच चित्रकारांकडून गावकरी, शिपाई, नवे रंगरूट यांची चित्रं काढून घेतली. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसांची नावं लिहिलेली आहेत. युरोपातल्या तक्त्यांत हे क्वचितच दिसतं. तिथे कोटाला नाव असतं, कोटातला माणूस निनावी.

पुढे १९११मध्ये मेजर लव्हेटच्या जलरंगांचं ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ आलं. मराठे, शीख, गुरखे, पठाण, सगळे रुबाबात उभे. जलरंग सुरेखच आहेत. पण ओळख पुन्हा पलटणीची आणि जातीची. मजकूर मॅकमन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा, म्हणजे अमुक जाती जन्मजात लढवय्या हे इंग्रजांचं तत्त्वज्ञान ओघाने आलंच.

आता चहा. गणवेशवेड्यांच्या कपाटात ऑस्प्रे प्रकाशनाची ‘मेन-ॲट-आर्म्स’ मालिका हमखास असते, पुस्तकं पाचशेच्या वर. हे प्रकाशन उगवलं कुठून, तर ब्रुक बाँडच्या घरातून! चहाच्या पुड्यांत लढाऊ विमानांच्या चित्रांची कार्डं येत. ती लोकांना इतकी आवडली, की १९६९मध्ये पुस्तकंच काढायचं ठरलं.

आणि एक उलटा प्रकार, गणवेशावरून चित्र नव्हे, तर चित्रावरून गणवेश. व्हॅटिकनच्या स्विस गार्डांचा पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश मायकेलअँजेलोने बेतला, असं पर्यटकांना हौसेने सांगितलं जातं. आजचा गणवेश ठरवला तो कमांडंट ज्यूल रेपाँ यांनी, राफाएलच्या भित्तिचित्रांवरून कल्पना घेऊन. साल होतं १९१४. मायकेलअँजेलोला जाऊन तेव्हा साडेतीनशे वर्षं झाली होती.