झिजलेला प्लग आणि अडलेले ऑइल

यवतमाळ - मृग नक्षत्र तोंडावर आले, की जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जुन्या ट्रॅक्टरांचे ऑइल बदलण्याची लगबग सुरू होते. नेमक्या याच वेळी चेंबरच्या किंवा गिअरपेटीच्या तळाशी असलेला ड्रेन प्लग पान्याला दाद देत नाही. जोर लावावा, तर त्याचे कोपरेच गोल होतात. पेरणीच्या घाईत मग हातोडा उचलला जातो. खरा धोका येथेच आहे.

बहुतेक ट्रॅक्टरांना मालमोटारीसारखी स्वतंत्र चेसिस नसते. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा अॅक्सल यांची बिडाची कवचे एकमेकांना बोल्टने जोडली, की तोच ट्रॅक्टरचा सांगाडा. बीड ठिसूळ असते. तिरपा घाव बसून प्लगभोवती तडा गेला, तर किरकोळ किमतीच्या प्लगपायी ट्रॅक्टर मधून उघडण्याची पाळी येते आणि तोवर वाफसा निघून जातो.

कोपरे झिजण्याचे मूळ बहुधा पान्यातच असते. महिंद्राच्या बी-२७५ची रचना मूळची ब्रिटिश. तिचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. एचएमटीने १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने काढलेल्या ट्रॅक्टरांना मात्र मिलिमीटरचे माप. १५/१६ इंच म्हणजे २३.८ मिलिमीटर. त्यावर २४चा पाना बसतो, पण किंचित खेळतो. गंजलेल्या प्लगचे कोपरे खाण्यास तेवढी फट पुरते.

प्लग निघत नसेल, तर आधी घाई सोडावी. ऑइल भरण्याच्या तोंडातून नळी घालून हातपंपाने जुने ऑइल उपसता येते आणि त्या हंगामापुरते काम निभावते. मात्र हा कायमचा उपाय नव्हे. ऑइलमध्ये शिरलेले पाणी आणि लोखंडाचा कीस तळाशी बसतो. तो प्लग काढल्याशिवाय पुरता बाहेर पडत नाही.

प्लग काढायचाच, तर भोवतालची माती खरवडून गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. सकाळी इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, म्हणजे कवच कोमट होते. प्लगच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके दिल्यास गंजाची पकड सुटते. पाना सहा कोनांचा, घट्ट बसणारा हवा. बारा कोनांचा झिजलेल्या डोक्यावरून घसरतो. दिशेचाही घोळ होतो. प्लगकडे खालून तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या उलट फिरविल्यास तो सैल होतो. बाजूने हात घालून काम करणारा नेमका आवळत बसतो!

कोपरे पूर्ण गेले असतील आणि डोके बाहेर असेल, तर पाइप पाना चालतो. नसेल, तर एक माप लहान गोटी पाना ठोकून बसवावा. तेही साधले नाही, तर जाणकार वेल्डरकडून डोक्यावर जुना नट जोडून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अडकलेले आटे बरेचदा मोकळे होतात. मात्र आधी ऑइल उपसावे, बॅटरीची वायर काढावी, डिझेलची गळती पुसावी आणि वाळूची बादली जवळ ठेवावी. छिन्नी सर्वांत शेवटी, तीही हलक्या हाताने.

प्लग नुसताच गरगर फिरत असेल, तर डोके नव्हे, आटे गेलेले असतात. तो बाहेरच्या बाजूस ओढून धरीत फिरवावा लागतो आणि पुढे भोकात मोठ्या मापाचे आटे पाडून घ्यावे लागतात.

नवा प्लग आणताना जुना सोबत न्यावा. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे अशा ट्रॅक्टरांसाठी गावातला लेथवालाच आधार. सरळ आट्यांच्या प्लगला तांब्याचे नवे वॉशर लावून तो बेताने आवळावा; पान्याला पाइप जोडून नव्हे. निमुळत्या आट्यांचा प्लग तर जितका आवळावा तितका रुततो. निघालेले काळे ऑइल मात्र नाल्यात ओतू नये. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.