पर्रीकर, मनोहर

पर्रीकर, मनोहर गोपाळकृष्ण : (१३ डिसेंबर १९५५ – १७ मार्च २०१९). अभियांत्रिकीकडून राजकारणाकडे वळलेले भारतीय नेते, गोव्याचे मुख्यमंत्री व भारताचे संरक्षणमंत्री. जन्म म्हापसा (गोवा) येथे. शालेय शिक्षण मडगाव येथे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून धातुविज्ञान अभियांत्रिकीची पदवी त्यांनी संपादन केली (१९७८). तरुणपणापासून त्यांचा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध होता. १९९४ मध्ये ते पणजीतून विधानसभेवर निवडून आले. भारतीय जनता पक्षाचे त्या वेळी ४० जणांच्या सभागृहात अवघे ४ सदस्य होते.

ऑक्टोबर २००० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा पदवीधर राज्याच्या मुख्यमंत्रिपदी येण्याचे हे देशातील पहिले उदाहरण होय. त्यांच्या पुढाकाराने २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला. सदस्यांच्या राजीनाम्यांनंतर फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. २०१२ मध्ये पक्षाला २१ जागा मिळून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या कारकीर्दीत दोन प्रश्न कसोटीचे ठरले. विरोधी पक्षात असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी बेकायदा लोहखनिज उत्खननावर बोट ठेवले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच शासनाने खाणी स्थगित केल्या व पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पर्यावरणाच्या रक्षणाबरोबरच खाणींवर अवलंबून असलेल्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. दुसरा प्रश्न प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा. अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान त्यांनी चालू ठेवले. त्यामुळे मराठी-कोकणी माध्यमाचे आग्रही असलेले जुने सहकारी दुरावले.

नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात ते केंद्रीय संरक्षणमंत्री होते. माजी सैनिकांसाठी ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजना (२०१५), फ्रान्सशी ३६ राफाल विमानांचा करार आणि नियंत्रण रेषेपलीकडील लष्करी कारवाई (सप्टेंबर २०१६) या त्या काळातील प्रमुख घटना होत. राफाल व्यवहारावर पुढे विरोधकांनी टीका केली. २०१७ मध्ये पक्षाला १३ व काँग्रेसला १७ जागा मिळाल्या असताना, लहान पक्ष व अपक्ष यांच्या पाठिंब्याने त्यांनी गोव्यात मंत्रिमंडळ बनविले. त्यावरही वाद झाला.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मुख्यमंत्रिपदी असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांना मरणोत्तर ‘पद्मभूषण’ देण्यात आले (२०२०). साधी राहणी व तपशिलावरील पकड यांमुळे ते लोकप्रिय झाले. तथापि त्यांची सत्ता प्रायः आघाड्यांच्या तडजोडींवर टिकून राहिली.