नेत्रांचा सूत्रधार

पिकलेल्या केळ्यांभोवती जी चिमुकली चिलटे घिरट्या घालतात, त्या फलमाश्या होत. १९१५ साली मिल्ड्रेड होगे या अमेरिकन संशोधिकेने या माश्यांच्या एका डोळे नसलेल्या प्रकाराचे वर्णन केले. ज्या जनुकाच्या बिघाडाने असे घडते, त्यास ‘आयलेस’, म्हणजे ‘नेत्रहीन’, हे नाव पडले. डोळे घडविणाऱ्यालाच नेत्रहीन म्हणावे हे विचित्र खरे. परंतु मुनीम गैरहजर राहिला म्हणजेच त्याचे काम काय ते पेढीवर कळते, तशातलाच हा प्रकार!

डोळा घडविण्यासाठी असंख्य जनुके राबतात. त्यांना कामास लावणारी मात्र मोजकीच. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग व त्यांचे सहकारी यांनी अळीच्या ज्या पेशींतून पुढे पाय, पंख व मिशा व्हावयाच्या, त्या पेशींत हे जनुक जागृत केले. आणि माशीच्या पायांवर, पंखांवर, मिशांवर डोळे उगवले! पुढे त्यांनी उंदराचे तत्सम जनुक माशीत घातले. तरीही डोळा उगवलाच. कोणाचा? उंदराचा नव्हे, माशीचाच. ‘येथे डोळा करा’ एवढीच या जनुकाची आज्ञा. तो कसा करावयाचा हे त्या त्या देहातील जनुकांस ठाऊक. माशी व उंदीर यांचे वंश पन्नास कोटी वर्षांहूनही आधी विभक्त झाले. आज्ञेची भाषा मात्र टिकून राहिली.

मनुष्यात हेच जनुक ‘पॅक्स-६’ या नावाने अकराव्या रंगसूत्रावर वसते. त्याची एक प्रत मातेकडून, दुसरी पित्याकडून येते. एक बिघडली तर दुसरीने निभावेल असे वाटते. पण तसे होत नाही. तिच्यापासून मिळणारे निम्मे प्रथिन डोळ्यास पुरत नाही. मग बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, जन्मतःच अपुरी असते किंवा जवळजवळ नसतेच. असे बालक उजेडात डोळे मिटून घेते. पुढे मोतीबिंदू व काचबिंदू यांचेही भय असते.

याच्या शेजारीच मूत्रपिंडाच्या घडणीचे एक जनुक आहे, आणि मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ होऊ न देणे हेही त्याचेच काम. कधी कधी रंगसूत्राचा तुकडाच गळतो आणि दोन्ही जनुके एकदम जातात. म्हणून परितारिका नसलेले मूल नेत्रवैद्याकडे आले, तर त्याच्या जनुकांची तपासणी करवितात. आणि शेजारचे जनुकही गळालेले आढळल्यास बालपणी ठरावीक काळाने मूत्रपिंडाची सोनोग्राफी करीत राहतात, म्हणजे गाठ झालीच तर ती लहान असतानाच सापडते.