माहेरच्या तळ्याची वाट

आमच्या जुन्या शहरात बायका चालतात त्या दोनच कारणांनी. एक तर गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी शेगावला, नाहीतर डॉक्टरांनी शुगरचा कागद हातात ठेवला म्हणून पहाटे डाबकी रोडनं, साडीवर स्वेटर आणि पायात मुलाचे जुने बूट. नुसतं झाडं-पाणी पाहावंसं वाटलं म्हणून चालायला निघालेली बाई आमच्या गल्लीत मी पाहिली नव्हती. मी तरी कुठे वेगळी?

म्हणूनच भिशीच्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, लोणारले जाऊ. तळ्याभोवती पायी फिरू," तेव्हा सगळ्या हसल्या. वहिनींचं माहेरच लोणार. माहेरी जाऊन कोणी फिरत बसतं का? पण त्यांची आई त्याच वर्षी गेली होती आणि भावांनी घर विकलं होतं. "माहेर सपलं आता. तळं तं हाय ना," असं त्या म्हणाल्या, मग मात्र कोणी हसलं नाही.

2023 च्या डिसेंबरात आम्ही अकरा जणी क्रूझर ठरवून पहाटे पाचला निघालो. पातूर, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर आणि मग लोणार, तीनेक तासांचा रस्ता. डब्यात धपाटे, ठेचा आणि दही. घरी कोणी काय काय सांगून आली होती ते इथे लिहीत नाही!

लोणार गाव तळ्याच्या काठावर म्हणजे अगदी काठावरच आहे. घरं संपतात आणि जमीन एकदम खाली जाते. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोल. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून उल्का येऊन काळ्या खडकावर आदळली, त्यातून तो झाला. पुराणातली गोष्ट निराळी. तिथे लवणासुर राक्षस आहे आणि त्याला मारणारा विष्णू. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याचंच. छतावरचं कोरीवकाम पाहताना मान दुखते, तरी पाहाच.

खाली उतरायची नेहमीची वाट धारेपासून, म्हणजे गोमुखापासून. तिथे गोड पाण्याचा झरा बारा महिने वाहतो. गुडघे दुखणाऱ्या एक काकू आणि आणखी दोघी वरच थांबल्या. त्यात कमीपणा नाही. काठाकाठानं चाललं तर पूर्ण फेरा सहाएक किलोमीटरचा होतो, चढउतार कमी आणि तळं जवळजवळ सतत डोळ्यांसमोर. खालची वाट वेगळी. उतरताना सोपी वाटते, चढताना सगळं वसूल करते.

वहिनी पुढे होत्या. पायऱ्या संपल्या, झाडी सुरू झाली आणि त्या थबकल्या. म्हणाल्या, "याच्या पुढं मी एकटी कधी आलीच नाई." लहानपणी त्या खाली यायच्या त्या फक्त नवरात्रात, कमळजा देवीला, आईचा पदर धरून. देवीला नमस्कार केला की त्याच वाटेनं परत. भाऊ मात्र दिवसदिवस खाली; सीताफळं, मध, माकडांच्या खोड्या. भावांना प्रत्येक पायवाट ठाऊक, बहिणीला एकच. हट्ट केला तर आई सांगायची, तिकडे वाघ आहे. खाली वाघ महादेव नावाचं देऊळ आहे, त्यामुळे वहिनींना ते कित्येक वर्षं खरंच वाटत होतं.

पन्नाशी ओलांडलेली बाई आपल्याच गावात नवखी होऊन चालत होती. रामगयेच्या काळ्या दगडी देवळाशी त्या बसल्या, खांबावरून हात फिरवला. वर मोर ओरडत होते. आम्ही बोलणं आपोआप बंद केलं.

तळ्याचं पाणी हिरवट आणि वासाचं. हात बुडवला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत. असं का, हे मी तिथे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी पिऊन टाकतं आणि क्षार मागे राहतात. आमटी आटली की खारट होते तसं. आपला पापडखार याच कुळातला. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्याच वर्षी हे तळं जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं दुसरं.

कमळजेच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. अर्धं पाणी गोड, अर्धं खारं, असं सांगतात. कोणाचं गोड, यावर आमच्यात जोरात वाद झाला. निकाल लागला नाही, कारण विहीर पाण्याखाली होती. पुढची वाटही पाण्यात गेली होती. वनखात्याच्या माणसानं सांगितलं, इथून परत फिरा. वहिनींना पुरा फेरा घालायचा होता. त्या पाण्यात गेलेल्या वाटेकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग देवीसमोर गेल्या, आईच्या नावानं ओटी भरली आणि आधी वळल्या त्याच.

तुम्ही गेलात तर काठावरच वनखात्याकडे चौकशी करा, कोणती वाट खुली आहे ते. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर असतो, म्हणून घोळक्यानं जा आणि ऊन कलायच्या आत वर या. सलवार-कुर्ता आणि बंद बूट बरे. माझा पदर बाभळीत तीनदा अडकला. पाणी प्रत्येकीनं आपलं घ्यावं. आणि हे स्पष्टच लिहिते, कारण पुरुष लिहीत नाहीत: वरच मोकळं होऊन उतरा, खाली सोय असेल असं धरून चालू नका. आमच्यातल्या दोघी त्या भीतीनं सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. एकीला चढताना भोवळ आली, साखर-पाणी देऊन अर्धा तास सावलीत बसवावं लागलं.

वर आलो तेव्हा दोन वाजले होते. काकू तोवर काठानं बरंच अंतर चालून आल्या होत्या आणि आम्हालाच दिशा दाखवत होत्या.

परतताना गाडी वहिनींच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला. वहिनी म्हणाल्या, "नको, चाल पुढं." थोड्या वेळानं मागे वळून त्यांनी काकूंना विचारलं, "वरच्या काठानं पुरा फेरा होते का वो?"

"होते ना," काकू म्हणाल्या. "पाणी उतरो न उतरो. फक्त मले आधी सांगजा, हे चपला बदलतो."