गुडघ्याची वाटी, नवे उपचार आणि आपली सही

जिना उतरताना गुडघ्यात पुढून कळ येते, उकिडवे बसवत नाही, मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो. आपल्या घरातील आई-मावशीची ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून वर-खाली सरकते. त्या दोहोंमधील गुळगुळीत कूर्चा झिजली की हा त्रास सुरू होतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. त्यामुळे नव्या उपचारांचा गाजावाजा फार होतो. अशा वेळी उपचाराची चाचणी कशी होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

"शेजारणीला गुण आला" एवढा पुरावा का पुरत नाही? सांधेदुखी कमी-जास्त होत असते. दुखणे फार वाढले की माणूस डॉक्टरकडे जातो. पुढे ते काही अंशी आपोआपही उतरते. शिवाय उपचार मिळाल्याच्या विश्वासानेही बरे वाटते. म्हणून चाचणीत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला जुना किंवा नुसता दिखाऊ उपचार देतात आणि दोहोंची तुलना करतात.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील एका चाचणीचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांपैकी काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, तर काहींच्या त्वचेला केवळ छेद दिला. आपल्याला दिखाऊ शस्त्रक्रियाही मिळू शकते, हे रुग्णांना आधी सांगितले होते. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही! तोवर ही शस्त्रक्रिया असंख्य लोकांवर झाली होती.

मात्र प्रत्येक चाचणीत नकारच निघतो असे नाही. इंग्लंडमध्ये वाटीच्या झिजेच्या १२६ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा आठवडे गुडघ्याचा पट्टा दिला. पट्टा वापरणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले आणि एमआरआयमध्ये हाडातील दोषही घटलेला दिसला. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडेही चाचण्या होतात. नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' येथे करणे २००९ पासून सक्तीचे आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची समजून दिलेली संमती आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. रुग्णास केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा: हा उपचार आहे की चाचणी? नोंदणी क्रमांक काय? मला दिखाऊ उपचार मिळू शकतो का? धोके कोणते? अडचण आल्यास कोणाला भेटायचे? माहितीपत्रक आपल्या भाषेत मागा आणि घरी नेऊन वाचा.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चाचण्यांत लोक सहभागी झाले नाहीत तर खरे-खोटे कधीच कळणार नाही. परंतु तो सहभाग समजून-उमजून असावा. आपल्या शिकलेल्या मुलामुलींना आमची विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांपुढे असा कागद आला तर तो त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा, सही त्यानंतर.