हवा पाहून गाव निवडताना

नंदेसरीहून एका स्नेह्यांचे पत्र आले आहे. बडोद्याच्या उत्तरेस, महीच्या काठाजवळ असलेले हे गाव रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वांस ठाऊक झाले. आमचे स्नेही तेथे तीस वर्षे नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले. पत्नीस दम्याचा विकार आहे. डॉक्टरांनी हवापालट सुचविला. मुलगा पुण्याचे नाव घेतो, बहीण नाशिकला बोलावते आणि त्यांचे स्वतःचे मन पाचगणीकडे ओढ घेते. ‘राहते घर एकदा विकले की परतीची वाट बंद. तेव्हा आधीच सांगा, कोणती हवा चांगली?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या भाषेतील ‘हवा’ हा शब्द मोठा सोयीचा, आणि तितकाच घोटाळ्याचा. ऊन, पाऊस, थंडी हीही हवा आणि श्वासावाटे आत जाते तीही हवाच. नंदेसरी सोडणाऱ्याने या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडावयास हवा.

प्रथम उष्णतेचा. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटर उंच आहे. पुणे सुमारे ५६० मीटर, आणि नाशिकही जवळजवळ तितकेच. हजार मीटर चढून गेल्यास तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे उंचीचा लाभ तीन-साडेतीन अंशांचा. एप्रिलच्या भर दुपारी तो फारसा जाणवणार नाही, कारण पुण्याचा पाराही चाळिशी गाठतो. खरा फरक रात्रीचा. मे महिन्यात बडोद्याची रात्र सव्वीस-सत्तावीस अंशांवरच रेंगाळते, तर पुण्याची बावीस-तेवीसपर्यंत उतरते, आणि दिवसभर तापलेले शरीर निवते ते रात्रीच. केवळ दुपारचे आकडे वाचून गाव पसंत करणारा अर्धेच पंचांग पाहतो.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. त्या इमारतीस पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. यावरून पुण्याच्या हवेला प्रशस्तिपत्र देण्याचा मोह काहींना होतो. पण तेच मुख्यालय १९४४ साली दिल्लीस गेले, आणि दिल्लीच्या हवेविषयी न बोललेलेच बरे!

इंग्रजी अमदानीतील मुंबईच्या गव्हर्नरांचा परिपाठ मात्र बोधक आहे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याजवळचे गणेशखिंड. ज्यांच्या दिमतीला सारे सरकार होते त्यांनासुद्धा बारा महिने पुरेल अशी हवा एका गावात सापडली नाही. आमच्या स्नेह्यांना तर एकच घर घ्यावयाचे आहे.

पाचगणीचे नाव झाले ते क्षयाच्या काळात. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. तत्पूर्वी क्षयरोग्यास उंचावरची मोकळी हवा हाच मोठा आधार वाटे. दमा हा निराळा विकार आहे. महाबळेश्वराच्या मानाने पाचगणीचा पाऊस पुष्कळच कमी. तरी ओल्या भिंती, धुके आणि बुरशी यांनी चार महिने घर वेढलेले असते, आणि बुरशी ही दम्याची जुनी वैरीण. शिवाय दमा मध्यरात्री उसळतो. त्या वेळी घाट उतरावा लागणार की मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, हे उंचीपेक्षा अधिक मोलाचे.

आता श्वासाच्या हवेकडे वळू. हिवाळ्यातील रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतचा थंड थर खाली बसतो आणि वर उबदार थराचे झाकण पडते. मग धूर वर जात नाही. नंदेसरीस पहाटे वास अधिक जाणवतो याचे हे एक कारण. परंतु नदीकाठी खोलगट जागी वसलेल्या पुण्यातही असेच झाकण पडते; तेथे त्याखाली कारखान्यांच्या जागी वाहनांचा धूर असतो, इतकेच. त्यात गाजरगवताची भर. हे परदेशी तण आपल्या देशात १९५५च्या सुमारास प्रथम नजरेस आले ते पुण्यातच, आणि त्याचे पराग नाजूक श्वासनलिकांना सोसत नाहीत. एकाच शहरात हवाही एक नसते. हिवाळ्यात पहाटे पाषाण आणि मगरपट्टा यांच्या तापमानांत कधी कधी चार-पाच अंशांचे अंतर पडते. म्हणून ‘पुणे की नाशिक’ यापेक्षा ‘हमरस्त्यापासून किती दूर, आणि खिडकी कोणत्या दिशेला’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मी त्यांना उलट टपाली लिहिले की घर विकू नका, कुलूप लावा. सुटीतल्या गावाची हवा सर्वांनाच मानवते. तेव्हा आषाढ-श्रावण आणि मार्गशीर्ष-पौष असे चार अवघड महिने भाड्याच्या जागेत काढून पाहा. दम्याची औषधे मात्र तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एक दिवसही बंद करू नका.

काल त्यांचे उत्तर आले. बहिणीच्या ओळखीने नाशिकला, रहदारीपासून दूर, दोन खोल्या ठरल्या आहेत. कोणत्या रात्री श्वास लागला याची नोंद पत्नी वहीत ठेवणार आहेत. नंदेसरीच्या घराची किल्ली तूर्त शेजाऱ्यांकडे आहे.